दोराचं टोक

'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण हेकट माणसाला हिणवायला वापरतो. मला मात्र ती ऐकली की दहिवलीच्या आमच्या अंगणात दोर वळणारे बाबा आठवतात.

1970 च्या दशकातली गोष्ट. उल्हास नदीकाठचं आमचं गाव भातशेतीचं. आगोट जवळ आली की अब्बा कासरे, दावी, गाडीचे दोर तपासायला काढत. त्याच सुमारास बाबा घाटावरून उतरत. समाजाने मातंग. अंबाडीचा वाख ओला करून ते एकेक पदर एका अंगाने पिळत, मग तीन पदर उलट्या अंगाने एकत्र वळत. प्रत्येक पदर सुटू पाहतो आणि त्याच ओढीने दुसऱ्याला धरून ठेवतो. टोकाला मात्र धरणारं कोणी नसतं. "पोरा, दोर मधी तुटाय येळ लागतो, शेवटाकडनं लगीच सुटतो," ते म्हणायचे.

म्हणून टोक बांधायचं. बारीक दोऱ्याचा फास दोराच्या अंगावर आडवा ठेवायचा, त्यावरून पिळाच्या उलट दिशेने विळख्याला विळखा भिडवत टोकाकडे जायचं. उरलेला दोरा फासातून ओवून मागचं टोक खेचलं की फास विळख्यांच्या पोटात शिरतो. वर गाठ दिसत नाही, हाताला खुपत नाही. दोर विहिरीच्या रहाटावरून गेला तरी अडकत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या 1915 च्या ग्रंथात बलुतेदारांची कामं नोंदली आहेत. दोर पुरवणं मांगांकडे. बलुतेदारांच्या यादीत आमचा मुलाणीही येतो. तरीही बाबांचा दोर आमच्या खाटेला, पाळण्याला होता आणि बाबा स्वतः ओसरीच्या पायरीवर. त्यांना कोणी हटकत नसे. पण कोणी वरही बोलावत नसे.

पुढे नायलॉन आलं. वॉलेस करोथर्स यांनी ते 1935 मध्ये अमेरिकेत तयार केलं. 1950 च्या दशकात पॉलिप्रॉपिलीन आलं. गावात दोन्हींना नायलॉनच म्हणतात. 1976 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गरवारे-वॉल रोप्ससारख्या कंपन्या असे दोर यंत्रावर करू लागल्या. हा दोर पाण्यात कुजत नाही. टोक सुटू नये म्हणून नुसती काडी ओढायची. धागे वितळून एकमेकांना चिकटतात, त्याचा गोळा होतो. पीळ उरत नाही. बाबांचं कसब एका काडीने संपवलं. एका आगोटीला ते आले नाहीत आणि आमचं काहीही अडलं नाही.

अब्बांच्या खाटेचा दोर मी जपून ठेवला आहे. मधला भाग झिजलाय, टोक अजून तसंच घट्ट आहे. ते ज्यांनी बांधलं, त्यांना आम्ही सगळे 'दोरवाले बाबा' म्हणायचो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)