प्रतीक्षायादीबाहेरचा मराठवाडा

टेलिफोनच्या एसटीडी कोडमध्ये एक जुनी उतरंड दडलेली आहे. मुंबईचा कोड ०२२, पुण्याचा ०२०, औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, ०२४०. पैठणचा ०२४३१, कन्नडचा ०२४३५, वैजापूरचा ०२४३६. शून्य वगळला तर कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून दहा आकडे व्हायला हवेत. त्यामुळे मुंबईच्या वाट्याला आठ आकडी क्रमांक आले, औरंगाबादच्या वाट्याला सात आकडी आणि तालुक्यांच्या वाट्याला सहा आकडी. जिथे ग्राहक फार होतील असे वाटले तिथे कोड आखूड ठेवला गेला, जिथे थोडे होतील असे वाटले तिथे लांब. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आकड्यांचे नियोजन असेच करावे लागते. मात्र मराठवाड्यातील टेलिफोनचा इतिहास पाहिला, की हा अंदाज नुसता अंदाज राहिला नाही हे ध्यानात येते. ‘इथे मागणी कमी’ असे आधी धरले गेले, त्या हिशेबाने तारा ओढल्या गेल्या, आणि तारा नसल्याने जी मागणी नोंदवलीच गेली नाही ती पुढे कमी मागणीचा पुरावा ठरली.

या मागासलेपणाचे खापर निजामी राजवटीवर फोडणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. मुंबईत जानेवारी १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, ते खासगी कंपनीचे होते आणि त्याला कापडगिरण्या, गोदी व पेढ्यांचा आधार होता. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते जसे स्वतंत्र होते, तसे टेलिफोनखातेही स्वतंत्र होते. पण त्याचा जीव राजधानीभोवती होता. औरंगाबाद तिथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. विसाव्या शतकाच्या तोंडावर सिकंदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे आली आणि रुळांच्या कडेने तारांचे खांब आले. बीडसारख्या जिल्ह्याच्या गावाला मात्र अख्ख्या विसाव्या शतकात रेल्वे मिळाली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ एप्रिल १९५० पासून त्याचे टेलिफोन केंद्राच्या डाक-तार खात्याकडे गेले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. कचेऱ्या, बाजारपेठा आणि राजकारण यांची तोंडे हैदराबादकडून मुंबईकडे वळली. एवढ्यावर सुरुवातीची उणीव समजते. परंतु १९५० नंतर मुंबईपासून उमरग्यापर्यंत खाते एकच, कायदा एकच आणि तिजोरीही एकच होती. पुढची चार दशके ती उणीव का टिकली, याचे उत्तर निजामाकडे मागता येत नाही.

ते उत्तर प्रतीक्षायादीच्या रचनेत सापडते. फोन हवा असेल तर जवळच्या एक्स्चेंजकडे नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. यादीतही वर्ग होते: मोठी अनामत भरणारे ‘ओवायटी’ (ओन युअर टेलिफोन) योजनेतले पुढे, डॉक्टर-पत्रकार अशा विशेष वर्गातले त्यांच्या मागोमाग आणि सामान्य अर्जदार शेवटी. खात्याच्या लेखी ही यादी हेच मागणीचे माप होते. जिथे एक्स्चेंजच नाही तिथल्या माणसाने नाव नोंदवायचे कुठे? औरंगाबादमध्ये चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढली, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला. वकील, उद्योजक, व्यापारी यांच्या अर्जांनी शहराची यादी फुगली आणि यादी फुगली म्हणून क्षमता वाढवण्याचा शहराचा दावा भक्कम झाला. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या सोयगावात किंवा कन्नडच्या घाटाखालच्या वाड्यांत अशी यादी लांबण्याचा प्रश्नच नव्हता. मराठवाडा मागे आणि पश्चिम महाराष्ट्र पुढे, एवढे म्हणून भागत नाही. मराठवाड्याच्या पोटातही एक मुंबई तयार होत होती आणि तिचे नाव औरंगाबाद होते.

यादीत नसलेली मागणी खरोखर होती का, असे कोणी विचारील. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या झळकू लागल्या, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. बूथवाल्याला कमिशन मिळू लागले आणि बसस्थानकाजवळच्या टपऱ्यांत, किराणा दुकानांत फोन आले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून तेव्हा रांगा लागत. तिथे उभे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जन्मात कधी टेलिफोनचा अर्ज केला नव्हता. पुण्या-मुंबईत कामाला गेलेला मुलगा, आडतीतला कापसाचा भाव, दवाखान्यात ठेवलेले माणूस, अशी त्यांची निकड होती. घरात फोन ठेवण्याची ऐपत नसणे आणि फोनची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काचेच्या खोक्यांनी सिद्ध केले. प्रतीक्षायादीने मात्र दोन्हींची गणना एकाच रकान्यात केली होती.

पैशाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९१ मध्ये सुमारे ८४ कोटी लोकांच्या देशात फोन ५० लाखांच्या आसपास होते. दूरच्या खेड्यात खांब रोवून तार न्यायची, ती वादळवाऱ्यात सांभाळायची आणि बदल्यात महिन्याला चार-दोन कॉलचे उत्पन्न, हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. हे खरेच आहे. पण टंचाई खरी असली तरी टंचाईची वाटणी हा निर्णयच असतो. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी कारभारासाठी तोटा सोसूनही फोन द्यायचा, हे खात्याला मान्य होते. म्हणजे नफा ही एकमेव कसोटी नव्हती. शिवाय स्वस्त तंत्र हाताशी आले होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने धुळीत आणि उन्हात वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला बसले. त्याच वर्षी मुंबई आणि दिल्ली ही भरपूर मिळकतीची शहरे एमटीएनएल या वेगळ्या कंपनीकडे गेली. खेड्यांसाठी मात्र नकाशावर षटकोन आखून प्रत्येकात एक सार्वजनिक फोन द्यायची योजना होती. कागदावरचा षटकोन डोंगर आणि घाट ओळखत नाही. पुढे नव्वदच्या दशकात रेडिओवर चालणारे ‘मार’ पद्धतीचे ग्रामीण फोन आले. ते इतके नादुरुस्त राहू लागले की देशभरातले पावणेदोन लाखांहून अधिक फोन नंतर सार्वत्रिक सेवा निधीतून बदलावे लागले. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व खेड्यांत फोन पोचवण्याचे वचन दिले, तेही मुदतीत पाळले गेले नाही.

मग अनुशेषाच्या प्रश्नावर पेटून उठणाऱ्या मराठवाड्याने याबद्दल आवाज का उठवला नाही? वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, खेड्यांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य यांचा विभागवार अनुशेष मांडला. टेलिफोन त्यात नव्हता, कारण घटनेनुसार तो केंद्राच्या यादीतला विषय. पण रेल्वेही केंद्राचीच, आणि तरीही मनमाडपासूनच्या ब्रॉडगेजसाठी मराठवाड्याने वर्षानुवर्षे चळवळ केली. फरक मागणीच्या स्वरूपात असावा. रेल्वे सर्वांची मिळून एक असते, तिच्यासाठी मोर्चा निघतो. फोन ज्याचा त्याने अर्ज करून मिळवायचा, आणि अडला तर खासदाराची चिठ्ठी किंवा टेलिफोन सल्लागार समितीतली ओळख कामी आणायची. ज्यांचा आवाज वर पोचत होता त्यांची अडचण अशी एकेकट्याने सुटत गेली, आणि ज्यांची सुटली नाही त्यांना आवाजच नव्हता. टेलिफोनचा अनुशेष सार्वजनिक प्रश्न झाला नाही, याचे कारण तो खासगी गाऱ्हाण्यांत विरघळून गेला.

शेवटचा आक्षेप असा की मोबाइलने हे सगळे मिटवले. जनगणना सांगते, की २००१ मध्ये देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ३.८ टक्क्यांकडे फोन होता आणि २०११ मध्ये ५४.३ टक्क्यांकडे. दहा वर्षांत गावे काही चौदा पट श्रीमंत झाली नव्हती. इनकमिंग फुकट झाले, दर कोसळले आणि दबलेली गरज वर आली. म्हणजे हा आकडा मुख्य मुद्द्याला बळकटीच देतो. मात्र परवाने दिले गेले ते ‘महाराष्ट्र’ या एका परिमंडळाचे, ज्यात मुंबई नाही पण गोवा आहे, पुणे आहे आणि हिंगोलीही आहे. परिमंडळाची सरासरी पुण्याच्या आकड्यांवर फुगते आणि हिंगोली तिच्याआड जाते. विषमता आता फोन असण्या-नसण्यातून निघून रेंज, वेग आणि वीज यांत शिरली आहे. भारनियमनाच्या काळात बारा-बारा तास वीज नसलेल्या गावांत टॉवर डिझेलवर तगत होते. २०१७ च्या कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून करायची आहे. शासनाने नेटवर्क गृहीत धरले, पण ते पुरवणे बाजारावर सोडले. २०२२ मध्ये केंद्र सरकारनेच ४-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली, यावरून बाजार कुठे थांबतो ते दिसते.

म्हणून आज जाळे कुठे वाढवायचे हे ठरवताना विद्यमान ग्राहक आणि त्यांचा डेटावापर एवढेच मोजणे म्हणजे जुन्या प्रतीक्षायादीची चूक नव्या यंत्रावर गिरवणे आहे. परिमंडळाऐवजी तालुका आणि तालुक्याऐवजी गाव हे मोजमापाचे एकक धरावे लागेल, आणि शासन ज्या कामासाठी फोन सक्तीचा करते त्या कामापुरती तरी रेंज देण्याची जबाबदारी शासनावरच टाकावी लागेल. विद्युतीकरणाचा अनुशेष ज्या राज्याने गावागणिक मोजला, त्याला हे अवघड नाही. फक्त टेलिफोन हाही अनुशेष असू शकतो, हे आधी मान्य करायला हवे.