किरकोळ जखमेची किंमत

‘दवाखाना’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. आमचे मुखेड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते.

माझ्या लहानपणी अब्बांच्या पायात खिळा घुसला. मजुरी बुडेल म्हणून त्यांनी दवाखाना टाळला. अम्मीने हळद दाबली. पाय सुजला आणि आठ दिवसांची मजुरी गेली.

पैशावाचून कुणाचा उपचार अडू नये, असे भोर समितीने 1946 मध्येच सांगितले होते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत व्हायला मात्र 15 ऑगस्ट 2023 उजाडला. त्याच वर्षी 1 मे रोजी ‘आपला दवाखाना’ राज्यभर सुरू झाला. वेळ ठरली दुपारी 2 ते रात्री 10.

मला ही वेळच मोलाची वाटते. काम सुटल्यावर दार उघडे असेल, तरच मजूर जखम वेळेवर दाखवील.