ताबो

हिमाचल प्रदेशाच्या लाहौल व स्पिती जिल्ह्यातील एक छोटे गाव व प्राचीन बौद्ध विहार. स्पिती नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवर; काझाच्या आग्नेयेस सुमारे ४७ किमी. भोवती उघडेबोडके डोंगर आणि नदीलगत सफरचंदांच्या बागा.

पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने ९९६ मध्ये हा विहार स्थापन केला. संस्कृत बौद्ध ग्रंथ तिबेटी भाषेत नेणारे ‘महाअनुवादक’ रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) यांचे नाव परंपरेने त्याच्याशी जोडले जाते. मुख्य मंदिरातील लेख शाईने भिंतीवर लिहिलेला आहे. त्यात स्थापनेनंतर ४६ वर्षांनी, येशे-ओच्या वंशातील जांगछुब-ओ याने केलेल्या जीर्णोद्धाराची नोंद आहे. हे वर्ष १०४२ मानतात.

बाहेरून पाहणाऱ्याची निराशाच होते : मातीच्या जाड, खिडक्या नसलेल्या भिंती, सपाट धाबी आणि मातीचेच छोर्तेन (स्तूप). सारे वैभव आत आहे. मुख्य मंदिरात एकमेकांकडे पाठ करून बसलेला चतुर्मूर्ती वैरोचन आहे. भोवतीच्या भिंतींवर माणसाच्या उंचीएवढ्या ३२ मृण्मूर्ती आधाराविना तरंगत असल्यासारख्या बसवल्या आहेत. या साऱ्यांचे मिळून वज्रधातुमंडल होते. म्हणजे दर्शनार्थी मंडलाकडे पाहत नाही, मंडलातच उभा असतो. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात एकीकडे बुद्धचरित्र, तर दुसरीकडे गुरूमागून गुरू शोधत निघालेल्या सुधनकुमाराची गंडव्यूहसूत्रातील कथा रंगवली आहे. या चित्रांवर काश्मिरी शैलीची छाप स्पष्ट दिसते.

ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. मराठी वाचकाला हे नाव सुखावणारे असले, तरी फसवेही आहे. अजिंठा कातळात कोरलेला आणि शतकानुशतके ओस पडलेला; ताबो मातीचा आणि हजार वर्षे पूजेतला. येथे पर्जन्यछायेमुळे पाऊस अत्यल्प, म्हणूनच माती टिकली. धाब्यावरचा बर्फ वितळण्याआधी फावड्याने ओढून टाकता येतो, पावसाचे तसे करता येत नाही. अवेळी मुसळधार पाऊस झाला की पाणी झिरपून चित्रांवर मातीचे ओघळ उतरतात.

१९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात विहाराची हानी झाली. त्यानंतर शेजारी नवे सभागृह उभारले गेले. दलाई लामांनी १९८३ व १९९६ मध्ये येथे कालचक्र दीक्षा दिली. विहार सध्या गेलुग पंथाकडे असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

शिमल्याहून किन्नौरमार्गे येणारा रस्ता दरडी कोसळल्या नाहीत, तर बहुधा वर्षभर चालू असतो. मनालीकडून येताना लागणारी कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद होते. मुख्य मंदिरात छायाचित्रणास मनाई आहे. आत दिवसाही अंधार असतो, त्यामुळे सोबत विजेरी ठेवावी.