शाळेतले गुण कमी, चाचणीतले उत्तम : एका जुन्या पेचाचा इतिहास

१.
२३ जून १९२६. अमेरिकेत ८,०४० विद्यार्थी एका नव्या परीक्षेला बसले. वेळ ९७ मिनिटे, प्रश्न ३१५. निबंध नाही, लॅटिन उताऱ्याचे भाषांतर नाही, इतिहासाची सनावळ नाही. परीक्षेचे नाव होते स्कॉलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजेच आजची ‘सॅट’. या दिवसापासून प्रवेशाच्या अर्जावर दोन भिन्न कुळांचे आकडे शेजारी बसू लागले. एक शाळेने अनेक वर्षांत दिलेला, दुसरा दीड तासात कमावलेला. दोन्ही एकच सांगत असतील तर प्रश्न उरत नाही. पण शाळेतले गुण यथातथा आणि चाचणीतले उत्तम असलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती? हा पेच जवळजवळ शंभर वर्षे जुना आहे, आणि त्याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले आहे.

२.
सॅटच्या आधी अमेरिकेत दोन परंपरा होत्या. पूर्वेकडील जुनी कॉलेजे स्वतःची प्रवेश परीक्षा घेत. एकाच वर्गातील मुलांना वेगवेगळ्या कॉलेजांसाठी वेगवेगळी तयारी करावी लागे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९०० साली कॉलेज बोर्डाची स्थापना झाली आणि जून १९०१ मध्ये त्याच्या पहिल्या सामाईक परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. मिशिगनसारख्या विद्यापीठांनी मात्र १८७० च्या दशकापासून निराळी वाट धरली होती. शाळेची तपासणी करून तिला मान्यता द्यायची आणि मग तिच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून विद्यार्थी घ्यायचे. एका परंपरेचा भरवसा परीक्षेवर, दुसरीचा शाळेच्या शब्दावर. पुढचा सारा वाद या दोन भरवशांमधला आहे.

३.
सॅटचा कर्ता कार्ल ब्रिगम हा प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या होत्या. त्या उपक्रमात ब्रिगमही होता. १९२३ साली त्याने ती आकडेवारी वापरून एक पुस्तक लिहिले आणि त्यात वंशावरून बुद्धीची प्रतवारी लावली. स्थलांतरितांना अटकाव करू पाहणाऱ्यांना ते सोयीचे ठरले. पण १९३० साली त्याने स्वतःचे निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. चाचणीतील गुणांत शालेय शिक्षण, घरची परिस्थिती आणि इंग्रजीचा सराव हे सारे मिसळलेले असते, असे तो पुढे लिहू लागला. सॅटचा आकडा म्हणजे उपजत बुद्धीचे निखळ माप, ही समजूत खुद्द तिच्या जनकानेच टाकून दिली होती.

४.
तरीही चाचणीचा विस्तार थांबला नाही, कारण तिला एक ध्येयवादी पाठीराखा मिळाला. १९३३ साली रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट हार्वर्डचा अध्यक्ष झाला. बड्या घरांतील आणि मोजक्या खासगी शाळांतील मुलांनीच हार्वर्ड भरावे, हे त्याला मान्य नव्हते. दूरच्या राज्यांतील, साध्या सरकारी शाळेतील हुशार मुले शोधण्यासाठी त्याने राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू केली आणि ती मुले ओळखण्याचे साधन शोधायचे काम हेन्री चॉन्सी या साहाय्यकाकडे सोपवले. चॉन्सी ब्रिगमच्या सॅटपाशी येऊन थांबला. अनोळखी शाळेतील ‘उत्तम’ शेऱ्याचे मोल हार्वर्डला कळणे कठीण होते. चाचणीचा आकडा मात्र आयोवात आणि बॉस्टनमध्ये एकाच मापाने मोजलेला होता. जिथे शाळेचा शब्द पुरेसा बोलत नाही, तिथे चाचणीने बोलावे, ही कोनंटची अपेक्षा.

५.
१९४२ साली युद्धाच्या धामधुमीत कॉलेज बोर्डाने जुन्या निबंधवजा परीक्षा थांबवल्या आणि सॅट हीच मुख्य परीक्षा उरली. १९४७ च्या अखेरीस एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था जन्माला आली. तिचा पहिला अध्यक्ष चॉन्सी. याच काळात संशोधक एक साधा पडताळा वारंवार घेत होते : प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षी कोण कसे गुण मिळवतो? निष्कर्ष बहुधा सारखाच येई. शाळेतील गुण एकटे घेतले तर ते चाचणीपेक्षा काहीसे अधिक अचूक भाकीत करतात, आणि दोन्ही एकत्र घेतले तर भाकीत आणखी सुधारते. कारण उघड आहे. वर्षानुवर्षे वेळेवर गृहपाठ देणे, न आवडणारा विषयही नेटाने पार पाडणे, आजारपणातून उठून पुन्हा अभ्यासाला लागणे, हे सारे शाळेच्या गुणांत उतरते. ९७ मिनिटांत ते मोजता येत नाही.

६.
मग दोन आकडे विसंगत असले तर? कॅलिफोर्निया विद्यापीठाने याचे उत्तर थेट कोष्टकातच मांडले. १९६८ साली तेथे सर्व अर्जदारांना प्रवेश चाचणी सक्तीची झाली आणि १९७९ पासून पात्रतेचा निर्देशांक लागू झाला. ४ पैकी ३.३ किंवा अधिक शालेय सरासरी असेल तर चाचणीत कितीही गुण चालत. सरासरी त्याखाली घसरली की दर पायरीला चाचणीतील अपेक्षा वर चढे. सर्वात खालच्या पायरीवरील विद्यार्थ्याला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण लागत. शाळेतली कसर चाचणीने भरून काढता येत होती, पण सौदा महागडा होता. आणि उलट्या दिशेने पाहिले तर उत्तम शालेय गुणांना चाचणीचा आधार लागतच नव्हता. वजन कोणत्या पारड्यात आहे, हे त्या कोष्टकाने स्पष्ट सांगितले.

७.
याच विद्यापीठात पुढे दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघाले. २००७ साली सुमारे ८० हजार विद्यार्थ्यांच्या चार वर्षांच्या वाटचालीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शालेय गुण हेच यशाचे सर्वात भरवशाचे लक्षण, असे त्यात दिसले. २००९ साली सार्वजनिक विद्यापीठांवरील एका मोठ्या ग्रंथानेही पदवी पूर्ण करण्याबाबत हेच सांगितले. पण २०२० च्या आरंभी कॅलिफोर्नियाच्याच प्राध्यापकांच्या समितीला आढळले की पहिल्या वर्षाच्या गुणांचे भाकीत आता चाचणी अधिक चांगले करते. मधल्या काळात शाळांतील गुण सैल झाले होते. जेव्हा बहुतेक सर्वांनाच वरचे गुण मिळतात, तेव्हा ते गुण फरक दाखवू शकत नाहीत. तरीही मे २०२० मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने समितीचा कल बाजूला ठेवून सॅट वगळण्याचा निर्णय घेतला. घरची सुबत्ता आणि चाचणीतील गुण यांचे नाते हा तेथे कळीचा मुद्दा होता.

८.
त्याच वर्षी महासाथीमुळे असंख्य कॉलेजांनी चाचणी ऐच्छिक केली. वरवर पाहता कमी चाचणीगुणांच्या मुलांना हा दिलासा होता, पण त्याची दुसरी बाजू लवकरच दिसली. मार्च २०२२ मध्ये एमआयटीने चाचणी पुन्हा सक्तीची केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजनेही तेच केले. डार्टमथच्या अभ्यासकांना दिसले की साध्या शाळांतील, बेताच्या परिस्थितीतील काही विद्यार्थी आपले गुण पाठवतच नव्हते. कॉलेजच्या सरासरीपेक्षा ते कमी भरतात, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात त्यांच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर तेच गुण असामान्य ठरले असते आणि प्रवेशाची शक्यता वाढली असती. कोनंटचा १९३३ चा युक्तिवाद नव्वद वर्षांनी नव्या आकडेवारीसह परत आला होता.

९.
भारतातील वाचकाला हा पेच परका नाही. २०१३ साली जेईई मेन सुरू झाली तेव्हा एनआयटीच्या गुणवत्ता यादीत चाचणीला ६० टक्के आणि बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. मुलांनी बारावीचे वर्ग वाऱ्यावर सोडू नयेत, हा हेतू. पण प्रत्येक राज्याच्या मंडळाचा हात वेगळा. कुठे गुण सढळ, कुठे आखडते. त्यांना एका पातळीवर आणण्यासाठी पर्सेंटाइलचे सूत्र वापरावे लागे. २०१७ पासून बारावीचे हे वजन काढून टाकण्यात आले. बारावीचे गुण फक्त उंबरठ्यापुरते उरले : ७५ टक्के, अन्यथा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान. म्हणजे अमेरिकेत कमी शालेय गुणांची सावली निवडीच्या अखेरपर्यंत पाठ सोडत नाही, तर येथे उंबरठा ओलांडला की ते गुण कोणी विचारत नाही. तेच दोन आकडे, पण देश बदलला की शक्यता बदलते.

१०.
या शतकभराच्या कथेतून शक्यता आजमावण्याची रीत हाती लागते. पहिली बाब, निवडणारा कोण? कोष्टक लावणारे विद्यापीठ, अर्ज वाचणारे कॉलेज आणि केवळ क्रमांक पाहणारी परीक्षा, या तिघांचे उत्तर एक असू शकत नाही. दुसरी, शालेय गुण कशामुळे कमी? कडक शाळा, मध्येच आलेली अडचण आणि निव्वळ हेळसांड या तिन्हींचा आकडा एकच दिसतो, अर्थ मात्र वेगळा. तिसरी, चाचणीतील गुण कोणाच्या तुलनेत जास्त? देशाच्या, त्या कॉलेजच्या, की स्वतःच्या शाळेच्या?

११.
ब्रिगम १९४३ साली वारला, तेव्हा त्याची चाचणी देशभर पसरण्याच्या उंबरठ्यावर होती. आपण घडवलेल्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे तो अखेरच्या वर्षांत सांगत राहिला. कोनंटला त्याच आकड्यात दुर्लक्षित मुलांसाठी उघडणारे दार दिसत होते. दोघांचेही खरे ठरले. उत्तम चाचणीगुण दार ठोठावण्याचा हक्क देतात. आत गेल्यावर चार वर्षे टिकून राहण्याची खात्री मात्र त्यांत नसते, आणि निवड करणारे शाळेच्या जुन्या गुणपत्रिकेत आजही तीच खात्री शोधत असतात.