पिठाचं शहर

गिरणी म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक तर लालबाग-परळच्या चिमण्या, नाहीतर कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, जिथे गिरणीवाल्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये या दोन्ही एकत्र नांदत होत्या. आकार गिरणगावाचा, माल पिठाचा! ऑनसाइट असताना माझे बरेचसे वीकएंड तिथल्या नदीकाठी गेले, म्हणून आज हे पुराण.

नदी म्हणजे मिसिसिपी. तिच्यावर सेंट अँथनी नावाचा धबधबा आहे. लोकांनी काय केलं, तर धबधब्याच्या वरून कालवा काढला, पाणी गिरण्यांच्या तळघरातल्या टर्बाइनवर सोडलं आणि खालून बोगद्यातून परत नदीत. वीज नाही, कोळसा नाही. मागे पसरलेल्या गव्हाच्या शेतांतून आगगाड्या भरून गहू यायचा. १८८० पासून साधारण ५० वर्षं पीठ दळण्यात हे शहर जगात पहिलं होतं.

यातली सगळ्यात मोठी गिरणी कॅडवॅलाडर वॉशबर्न यांची, 'वॉशबर्न ए'. बांधली १८७४ मध्ये. २ मे १८७८ च्या संध्याकाळी ती उडाली. हो, उडाली. बॉम्ब वगैरे काही नाही, नुसतं पीठ.

परातीतलं पीठ पेटवायला गेलात तर धड पेटत नाही. पण तेच पीठ बंद जागेत हवेत तरंगत असेल, तर प्रत्येक कणाला चारी बाजूंनी ऑक्सिजन मिळतो आणि एक ठिणगी पुरते. दोन जाती धान्याशिवाय कोरडी फिरली, दगडावर दगड घासला आणि ठिणगी पडली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. दिवसपाळी नुकतीच घरी गेली होती. आत रातपाळीचे १४ जण होते, एकही वाचला नाही. आग शेजारच्या गिरण्यांत पसरली, तिथे आणखी ४ गेले.

वॉशबर्न यांनी १८८० मध्ये त्याच जागी आणखी मोठी गिरणी उभी केली, यावेळी धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेसकट. जात्यांऐवजी पोलादी रूळ आले. हे तंत्र हंगेरीचं. ते बघायला विल्यम डे ला बार नावाच्या इंजिनियरला बुडापेस्टला पाठवलं होतं. तो म्हणे साधा कामगार बनून गिरणीत शिरला. (रिव्हर्स इंजिनियरिंग! आपल्याकडे असं केलं तर एचआर आधी घरी पाठवेल.) भरात असताना ही एकच गिरणी दिवसाला जवळजवळ ९ लाख किलो पीठ काढायची.

मग हे सगळं गेलं कुठे? मला वाटायचं आगीनेच संपवलं असणार. तसं नाही. वीज आल्यावर गिरणी पाण्याला चिकटून असायची गरज उरली नाही. रेल्वेभाड्याचं गणित बदललं, कॅनडाचा गहू सरोवरांतून जहाजाने बफेलोला स्वस्तात पोचू लागला, आणि १९३० मध्ये बफेलोने मिनिआपोलिसला मागे टाकलं. आज डेटा सेंटर कुठे बांधायचं हे ठरवताना स्वस्त वीज बघतात ना, तोच हिशोब, फक्त उलट्या दिशेने चाललेला. १९३० च्या दशकात कितीतरी गिरण्या पाडल्या. १९६० मध्ये कालवा बुजवला. वॉशबर्न ए १९६५ मध्ये बंद पडली आणि १९९१ मध्ये पुन्हा जळाली.

त्या जळक्या भिंतींच्या आत २००३ मध्ये संग्रहालय झालं. फार छान आहे, जरूर बघा. शेजारी मातीखालून उकरून काढलेले पाया आणि पाणी सोडायचे कमानी बोगदे आहेत. मला खरं तर तेच जास्त आवडतात. तिथे तिकीट नाही, काचा नाहीत, शेजारून सायकलवाले जात असतात.

त्या १८ जणांचा स्तंभ मात्र नदीवर नाही. तो शहराच्या दुसऱ्या भागात, लेकवूड दफनभूमीत आहे, १८८५ चा. त्यावर सगळ्यांची नावं कोरलेली आहेत. संग्रहालय बघून झालं की तिकडेही एक चक्कर मारा.