आयोडिनयुक्त पूतिरोधके

आयोडीन या हॅलोजन कुलातील मूलद्रव्याच्या जंतुनाशक गुणाचा आश्रय करून त्वचा, श्लेष्मल पटल व जखमा यांच्या शुद्धीसाठी सिद्ध केलेली द्रावणे, मलमे, गुळण्यांची औषधे व पट्ट्या यांना आयोडिनयुक्त पूतिरोधके म्हणतात. यांतील सर्वांत जुने टिंक्चर आयोडीन म्हणजे मद्यार्कातील आयोडिनाचे द्रावण. आपल्याकडे शाळेच्या प्रथमोपचार पेटीपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ते ‘टिंचर’ या नावाने ओळखले जात असे. आज त्याची जागा पोव्हिडोन-आयोडिनाने घेतली असून, ‘बीटाडीन’ हे त्याचे एक व्यापारी नाव सामान्य नामासारखे रूढ झाले आहे. या सर्व औषधांत जंतूंचा नाश करणारे द्रव्य एकच असते. ते कशात विरघळविले आहे, किती मोकळे ठेवले आहे व कोणाच्या शरीराच्या कोणत्या भागावर किती वेळ टिकावयाचे आहे, यांवरच त्या औषधाची योग्यायोग्यता ठरते, आणि रुग्णालयातील निवडीचा सारा प्रश्न येथेच उभा राहतो.

पॅरिस येथे बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करण्याचा व्यवसाय करणाऱ्या बर्नार कूर्त्वा यांनी 1811 मध्ये समुद्रशेवाळाच्या राखेवर सल्फ्यूरिक अम्लाची जास्त मात्रा घातली असता जांभळ्या वाफा निघून त्यांचे काळसर चकचकीत स्फटिक बनले, तेच आयोडीन होय. जंतूंमुळे जखमा चिघळतात हा सिद्धांत मान्य होण्याच्या कितीतरी आधी शल्यवैद्य हे द्रव्य जखमांना लावू लागले होते व अमेरिकेतील यादवी युद्धात त्याचा सर्रास वापर झाला होता. आयोडीन पाण्यात फारच थोडे विरघळते. ही अडचण पोटॅशियम आयोडाइड मिसळून दूर करण्याची रीत फ्रेंच वैद्य झां लुगोल यांच्या 1829 मधील द्रावणाने प्रसिद्धीस आणली. शस्त्रक्रियेच्या इतिहासात मात्र खरा पालट घडला तो 1908 मध्ये. तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलाखालील फ्यूमे या बंदरात (आजचे क्रोएशियातील रियेका) अंतोनिओ ग्रोसिक यांनी, छेद घेण्यापूर्वी त्वचा साबणपाण्याने घासघासून धुण्याचा जुना शिरस्ता बाजूस सारून कोरड्या त्वचेवर टिंक्चर आयोडीन फासण्याची पद्धती मांडली. आणि ती इतकी सोपी व गुणकारी होती की थोड्याच वर्षांत युरोपातील शस्त्रक्रियागृहांनी ती स्वीकारली. परंतु टिंक्चर झोंबते, त्वचेला डाग पाडते, जास्त वेळ राहिल्यास ती भाजते आणि उघड्या जखमेतील निरोगी ऊतकांसही इजा करते. हे दोष मुक्त आयोडिनाच्या विपुलतेतून आलेले असल्यामुळे आयोडिनाला आवर कसा घालावा, हाच पुढील पन्नास वर्षांच्या संशोधनाचा विषय झाला.

आयोडिनाची क्रिया समजून घेतल्याशिवाय या आवराचे महत्त्व ध्यानात येणार नाही. मुक्त आयोडिनाचा रेणू लहान व विद्युत्‌भाररहित असल्यामुळे तो जंतूच्या कोशिकाभित्तीतून सहज आत शिरतो आणि तेथे एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करतो: प्रथिनांतील सिस्टीन या अ‍ॅमिनो अम्लाच्या गंधकयुक्त गटांचे तो ऑक्सिडीकरण करतो, त्यामुळे ज्या एंझाइमांवर जंतूचे श्वसन व वाढ अवलंबून असते ती निकामी होतात, टायरोसीन, हिस्टिडीन इत्यादींशी जोडला जाऊन तो प्रथिनांची घडण विस्कटून टाकतो, आणि पटलातील असंतृप्त वसाम्लांच्या द्विबंधांवर बसून पटलाची अभेद्यता नष्ट करतो. प्रतिजैविक औषधे बहुधा जंतूच्या एखाद्याच मर्मावर प्रहार करतात आणि त्या मर्मात थोडा बदल करून जंतू निभावून जातात. आयोडिनाच्या बाबतीत अशी पळवाट जंतूला जवळजवळ नसते, आणि म्हणूनच दीडशे वर्षांहून अधिक काळ वापर होऊनही या द्रव्याला दाद न देणारे जंतू रुग्णालयांतून फोफावल्याचा अनुभव नाही. ग्रॅम-रंजक्षम व ग्रॅम-अरंजक्षम असे दोन्ही वर्गांचे जंतू, क्षयाचे जंतू, कवके, विषाणू व आदिजीव या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. बीजाणूंना मात्र दीर्घकाळ संपर्क लागतो. प्रतिजैविकांची धार बोथट होत चाललेल्या आजच्या काळात हा गुण अमोल मानला पाहिजे.

वर सांगितलेला आवर साधला तो पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, म्हणजेच पोव्हिडोन, या जलविद्राव्य बहुवारिकामुळे. फिलाडेल्फिया येथे शेलान्स्की आडनावाच्या दोन संशोधकांनी 1955 च्या सुमारास या बहुवारिकाशी आयोडिनाचा संयोग घडवून आणला. या संयुगात बहुतेक सर्व आयोडीन बांधलेले असते आणि जितके खर्ची पडेल तितकेच मोकळे होते. कोठारातील धान्य घराला लागेल तेवढेच रोज काढावे व बाकीचे कुलपात राहावे, तशी ही व्यवस्था आहे. 10 टक्के पोव्हिडोन-आयोडिनाच्या द्रावणात उपलब्ध आयोडीन 1 टक्का, म्हणजे दशलक्ष भागांत 10,000 भाग असते. परंतु त्यांतील प्रत्यक्ष मुक्त आयोडीन दशलक्ष भागांत जेमतेम काही भागच असते. झोंबणे व भाजणे कमी झाले ते यामुळेच.

येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. हे द्रावण पाण्याने पातळ करीत गेल्यास मुक्त आयोडीन कमी होण्याऐवजी प्रथम वाढत जाते आणि सुमारे 0.1 टक्का तीव्रतेला ते दशलक्ष भागांत 25 च्या आसपास पोहोचते; त्याहून पातळ केल्यावरच ते घटू लागते. विरलतेमुळे बहुवारिकाची पकड सैल होते, हे त्याचे कारण. अमेरिकेत 1980 नंतरच्या काळात काही रुग्णांच्या रक्तपरीक्षेत एक विशिष्ट जंतू विनाकारण दिसू लागला, तेव्हा तपासाअंती तो पोव्हिडोन-आयोडिनाच्या द्रावणातच जिवंत राहिला असल्याचे निष्पन्न झाले. आणि पातळ द्रावणे मूळ द्रावणापेक्षा जंतूंना लवकर मारतात, हेही त्याच सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले. तथापि यावरून घरच्या घरी औषध पातळ करण्यास कोणी प्रवृत्त होऊ नये. पातळ द्रावणात मुक्त आयोडीन जास्त असले तरी एकूण साठा तुटपुंजा असतो आणि पू, रक्त व मृत ऊतके यांच्याशी संयोग पावून तो पाहता पाहता संपून जातो. तपकिरी रंग उडून द्रावण फिके पडले म्हणजे आयोडिनाचे निष्क्रिय आयोडाइड झाले, असे समजावे. परिचारिकेच्या नजरेला ही खूण फार उपयोगी पडते.

त्याच न्यायाने, रक्ताने वा मातीने माखलेल्या भागावर हे द्रव्य ओतण्यापूर्वी तो भाग धुऊन घेणे अवश्य असते. लावल्यावर लगेच पुसून टाकण्याची सवयही घातक आहे. त्वचेवर ते निदान दोन मिनिटे राहून आपोआप वाळले पाहिजे. मात्र ते रुग्णाच्या पाठीखाली अथवा रक्तबंधाच्या पट्ट्याखाली साचून राहता कामा नये, कारण तेथे वाळण्यास वाव नसल्याने त्वचेवर रासायनिक भाज उठतो. मद्यार्कयुक्त द्रावण पुरते वाळण्याआधी विद्युत्‌दाहक चालविल्यास आग लागण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्वचाशुद्धीत आयोडिनाचा मुख्य प्रतिस्पर्धी क्लोरहेक्झिडीन होय. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या परीक्षणात मद्यार्कयुक्त क्लोरहेक्झिडीन वापरलेल्या गटात शस्त्रक्रियेच्या जागी जंतुसंसर्ग 9.5 टक्के, तर पोव्हिडोन-आयोडीन वापरलेल्या गटात 16.1 टक्के आढळला, आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मद्यार्कयुक्त क्लोरहेक्झिडिनाचीच शिफारस केली. परंतु या परीक्षणात एका बाजूस मद्यार्क होता व दुसऱ्या बाजूस केवळ पाणी होते, हा भेद निकाल वाचताना विसरून चालणार नाही. मद्यार्क स्वतःच एक प्रखर जंतुनाशक आहे. दोन्ही औषधे मद्यार्कातच घेऊन तुलना केली तेव्हा चित्र पालटले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील परीक्षणात हृदय व उदर यांच्या शस्त्रक्रियांत संसर्गाचे प्रमाण आयोडीन-गटात 5.1 व क्लोरहेक्झिडीन-गटात 5.5 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले, त्याच वर्षीच्या दुसऱ्या परीक्षणात अस्थिभंग होऊनही त्वचा न फाटलेल्या रुग्णांत मद्यार्कयुक्त आयोडीन-संयुग सरस ठरले (2.4 विरुद्ध 3.3 टक्के). तात्पर्य, अखंड त्वचेवर मद्यार्क असणे हे महत्त्वाचे. त्याच्या जोडीला दोहोंपैकी कोणते द्रव्य आहे, हा प्रश्न दुय्यम.

जेथे मद्यार्क चालत नाही तेथे मात्र आयोडिनाचे स्थान अबाधित आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रश्लेष्म्यात 5 टक्के पोव्हिडोन-आयोडीन घालण्याचा दंडक जगभर पाळला जातो. क्लोरहेक्झिडिनाची त्वचाशुद्धीची तीव्र द्रावणे पारपटलाला गंभीर इजा करतात आणि कानात शिरल्यास बहिरेपण आणू शकतात. शल्यप्रसूतीपूर्वी योनिमार्ग स्वच्छ करण्यासाठीही पोव्हिडोन-आयोडीन वापरतात. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते समाविष्ट आहे आणि ते स्वस्त, टिकाऊ व सर्वत्र मिळणारे असल्याने ग्रामीण आरोग्य केंद्राच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. बाजारात मिळणारी 5 व 10 टक्क्यांची द्रावणे, हात धुण्याचे 7.5 टक्क्यांचे फेसाळ द्रावण व गुळण्यांचे 2 टक्क्यांचे औषध ही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. विशेषतः फेसाळ द्रावणातील क्षालक डोळ्यात वा उघड्या जखमेत जाता कामा नये.

जुनाट, स्राव वाहणाऱ्या व्रणांसाठी कॅडेक्सोमर-आयोडीन हे स्टार्चपासून बनविलेले कणरूप औषध आहे. त्याचे कण स्राव शोषून फुगतात व फुगताना आयोडीन सोडतात. स्वच्छ, भरत आलेल्या जखमेला मात्र कोणत्याही पूतिरोधकाची गरज नसते; तेथे लवणजल पुरे. चांदीयुक्त मलम व आयोडीन एकाच जागी लावल्यास दोन्ही वाया जातात.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती अवटू ग्रंथीच्या संदर्भात. श्लेष्मल पटल, भाजलेली त्वचा व नवजात बालकाची पातळ त्वचा यांतून आयोडीन रक्तात शोषले जाते. ते अति झाल्यास ग्रंथी आपले हॉर्मोननिर्मितीचे कार्य तात्पुरते थांबविते, ही गोष्ट वुल्फ व चायकॉफ यांनी 1948 मध्ये दाखविली. प्रौढ माणसाची ग्रंथी यातून लवकरच सावरते; अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला ते साधत नाही, आणि त्याच्या मेंदूची वाढ तर त्याच हॉर्मोनावर अवलंबून असते. म्हणून नवजात अर्भकाला, गर्भवतीला व अंगावर पाजणाऱ्या मातेला वारंवार वा मोठ्या क्षेत्रावर आयोडीन लावणे टाळावे. फार मोठ्या भागावर भाजलेल्या व मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांसही हाच नियम लागू आहे. किरणोत्सारी आयोडिनाची तपासणी वा उपचार ठरला असल्यास तो होईपर्यंत हे औषध तहकूब ठेवावे.

मासे वा कोळंबी सोसत नाही म्हणून आयोडीन चालणार नाही, ही समजूत कोकणापासून गोव्यापर्यंतच्या मत्स्याहारी घरांतच नव्हे, तर काही वैद्यकीय टिपणांतही आढळते. ती निराधार आहे. कोळंबीची अधिहृषता तिच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसीन या प्रथिनामुळे होते, आयोडिनामुळे नव्हे. या समजुतीमुळे निष्कारण दुय्यम औषधाची निवड होते. यास्तव रुग्णाने वा त्याच्या आप्तांनी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना सांगावयाचे ते हे: अवटू ग्रंथीचा विकार आहे काय, गर्भधारणा किंवा स्तनपान चालू आहे काय, आणि पूर्वी हेच द्रावण लावले असता त्वचेवर पुरळ वा फोड आले होते काय.