जेऊरचं कोरडं आभाळ

मुंबईहून सोलापूरला येताना दौंड, भिगवण मागे पडलं, की कुर्डुवाडीच्या अलीकडे जेऊर स्टेशन लागतं. तालुका करमाळा. एक्स्प्रेस गाडीतला माणूस खिडकीतून मान वळवून बघेल, असं तिथं काही नाही. पण आभाळाचे फोटो काढण्याचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याला या स्टेशनावर उतरावंच लागेल.

22 जानेवारी 1898, शनिवार, पौष अमावास्या. आमच्या हिशेबानं शाबान महिन्याची अखेर. रमजानचा चाँद एक-दोन दिवसांवर आला होता. त्या दिवशी भर दुपारी खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि जेऊरवरून वऱ्हाडाकडे, पुलगावकडे गेली. विजयदुर्गावर लॉकियर साहेब होते. हेलियमचा शोध त्या किल्ल्यावर 1868 साली लागला, असं आपण हौसेनं सांगतो. पण त्या साली लॉकियर इंग्लंडात होते. किल्ल्यावर ते आले ते या 1898च्या ग्रहणाला.

जेऊरला तंबू ठोकले ते कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेच्या विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांनी. सोबत पत्नी एलिझाबेथ. त्यांचा कॅमेरा चाळीस फूट लांबीचा! पाच इंची भिंग उंच मनोऱ्यावर आणि काचेची प्लेट खाली खड्ड्यात. सूर्य सरकतो, म्हणून प्लेटही घड्याळाच्या यंत्रानं हळूहळू सरकवायची. सूर्याची प्रतिमा पडायची चार-साडेचार इंचांची. ग्रहणात सूर्याभोवती जे प्रभामंडल दिसतं, ते कडेला लख्ख आणि बाहेर अगदी फिकं. एकाच फोटोत दोन्ही सापडत नाहीत; काही प्लेटा झटकन, काही थांबून घ्याव्या लागतात. आणि त्यासाठी हातात वेळ किती? सुमारे दोन मिनिटं.

इतक्या लांबून माणसं इथंच का आली? ग्रहणाच्या मध्यरेषेजवळची जागा, दाराशी रेल्वे, हे खरंच. पण मुख्य कारण आभाळ. दोनच वर्षांपूर्वी, 1896 साली, याच वेधशाळेची तुकडी ग्रहणासाठी जपानला गेली होती आणि ढगांमुळे हात हलवत परतली होती. सोलापूर जिल्ह्यात जानेवारीत ढगांची भीती नाही. सह्याद्री पाऊस अडवतो, आम्ही त्याच्या पर्जन्यछायेत.

इथं मी थबकतो. कारण त्याच 1896 साली पावसानं दगा दिला आणि जिल्हा दुष्काळात होरपळला होता. वर मुंबई-पुण्याकडे प्लेग. ज्या निरभ्र आभाळाकडे बघून कुणबी कपाळाला हात लावत होता, तेच आभाळ बघून परदेशी पाहुणे अल्लाचे आभार मानत असतील. कॅम्पबेल यांच्या प्लेटा उत्तम आल्या. पुढं 1922 साली त्यांनीच ऑस्ट्रेलियात ग्रहणाचे फोटो घेऊन आइन्स्टाइनचं म्हणणं पडताळून पाहिलं. आम्हा कवी मंडळींचं मात्र सगळं प्रेम आषाढातल्या ढगांवर. कोऱ्या निळ्या आभाळावर कुणी फारसं लिहीत नाही. मीही थोडंच लिहिलंय.

पाहुण्यांच्या गर्दीत आपला एक माणूस होता, तो विसरायला नको. कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्यातल्या वेधशाळेचे ते प्रमुख. तेही आपली उपकरणं घेऊन जेऊरला आले, ग्रहणाचे वेध घेतले आणि त्यांचा अहवाल छापला. 1912 साली ती वेधशाळा बंद झाली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. शाळेच्या पुस्तकांत मला बाबर, शिवाजीमहाराज, वास्को द गामा सगळे भेटले. नायगमवाला कधी भेटले नाहीत.

त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आत आमच्या आभाळासाठी पुन्हा शास्त्रज्ञ आले, या खेपेला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतून. 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात त्यांनी सोलापूर परिसरातले 276 ढग निवडले. काहींत विमानातून क्षार फवारले, काही तसेच सोडले आणि रडारनं दोन्हींची प्रतिमा टिपली. 2023 साली निष्कर्ष छापून आले: शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी सुमारे 18 टक्के जादा पाऊस. अट एकच. फवारायला जोगा ढग आधी आभाळात असावा लागतो.